रानांतील नेचे आणि पुस्तकांतील नोंदी

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग” ही म्हण ज्याच्या कानावरून कधीं गेली नाहीं असा मराठी माणूस सांपडणें कठीण. परंतु बाशिंग या नांवाची एक वनस्पति आहे, आणि पावसाळ्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर गेल्यास ती झाडांच्या खोडांना व ओल्या कातळांना खरोखरच बाशिंगासारखी बांधलेली दिसते, हें मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. ही वनस्पति नेच्यांच्या कुळांतील. नेच्यास फूल नाहीं, फळ नाहीं. पानाच्या पाठीवर उमटलेल्या ठिपक्यांतून धुळीसारखे बीजाणु उडतात व त्यांवरच त्याचा वंश चालतो. बाशिंगाचीं पानें दोन जातींचीं. एक जात लांब, हिरव्या, खोल कातरलेल्या पानांची. कोरड्या दिवसांत तीं गळून जातात. दुसरीं पानें आंखूड, बिनदेठाचीं, तपकिरी व कागदासारखीं कडक. तीं बुंध्याला बिलगून उभीं राहतात, पालापाचोळा धरून ठेवतात आणि त्याच्या खतावर कंद पोसतात. या दुसऱ्या पानांची ओळ एकदां पाहिली म्हणजे हें नांव कां पडलें तें कोणास सांगावें लागत नाहीं. कांहीं ठिकाणीं तर त्यास वांदरबाशिंग म्हणतात. वानराच्या लग्नांतलें बाशिंग! ज्यानें हें नांव प्रथम उच्चारलें त्याला वनस्पतिशास्त्र येत नसेल. पण त्याला पाहतां येत होतें, आणि हंसतांही येत होतें.

आज पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांच्या सज्जांतून नेचे टांगलेले असतात. रोपवाटिकेंत त्यांस ‘फर्न’ म्हणतात. सत्कारसमारंभाच्या पुष्पगुच्छांत फुलांच्या पाठीमागें जें हिरवें पान खोंचलेलें असतें तेंही पुष्कळदां नेच्याचेंच. नागर माणसाचा नेच्याशीं संबंध एवढाच, शोभेपुरता. पण त्याच चाकणच्या पट्ट्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, खेड व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम कडेला, भीमाशंकरचें रान आहे. तेथें भीमा उगम पावते, उंच झाडांवर शेकरू घरटीं बांधतें, आणि त्या रानाच्या अंगाखांद्यावर महादेव कोळ्यांचीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या वसलेलीं आहेत. आसपासच्या डोंगरपट्ट्यांत ठाकर व कातकरी आहेत. १९८५ सालीं तें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याच खोऱ्यांतल्या तरुणांस आज चाकणचे कारखाने बोलावून घेतात, व तरुण जातात, यांत नवल किंवा दोष कांहींच नाहीं. आजोबांच्या तोंडची विद्या ऐकावयास मात्र नातू घरीं नसतो. ती विद्या लिहून ठेवावी असें आपण सर्वच म्हणतों. ती आजवर कशी लिहिली गेली आणि कशी लिहिली जावयास हवी, याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

कोणी म्हणेल कीं, वनस्पतींच्या उपयोगाची नोंद ही वैद्याची किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाची बाब. वाङ्मयाच्या मासिकांत तिचें काय काम? आमचें म्हणणें असें कीं, नोंद हीही एक वाङ्मयरचनाच आहे. तिला घाट असतो, दृष्टि असते. काय लिहावें याइतकाच काय गाळावें याचाही निर्णय तिच्यांत झालेला असतो. आणि ज्या समाजाची विद्या मुखानेंच चालत आली त्याच्या बाबतींत तर पहिली लेखी नोंद हीच पुष्कळदां अखेरची साक्ष ठरते. कादंबरींतलें पात्र निर्जीव वठलें तर वाचकाचा विरस होतो. अशी नोंद निर्जीव वठली तर एखादी विद्याच जाते. म्हणून या लेखनाची परीक्षा कादंबरीच्या परीक्षेहून कमी कसोशीनें होतां कामा नये.

आपल्याकडील जुनी नोंद म्हणजे निघंटूंची. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशाच्या गुडूच्यादिवर्गांत हंसपदी व मयूरशिखा हीं नांवें येतात. हंसपदी म्हणजे आपला हंसराज, काळ्याभोर तारेसारख्या देठाचा व पंख्याच्या आकाराच्या नाजूक पानांचा नेचा, असें आपल्या बाजूस सामान्यतः मानतात. मयूरशिखा म्हणून जो नेचा आपल्याकडे ओळखला जातो तो जुन्या भिंतींच्या व खडकांच्या फटींत उगवतो आणि मोराच्या तुऱ्यासारखा उघडतो. पण अन्य प्रांतांतले वैद्य हेंच मयूरशिखा नांव ज्यास आपण कोंबडा म्हणतों त्या फुलझाडास लावतात. श्लोक एक, झाडें दोन! पर्यायनामें वृत्तांत बसलीं, शिष्यांस पाठ झालीं. पण नांव आणि झाड यांची गांठ घालून देणारा माणूस श्लोकाबाहेर राहिला, आणि त्या माणसाबरोबर गांठही सुटली.

हा माणूस जुन्या आचार्यांस ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. औषधींचें नांव व रूप शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी जाणतात, असें चरकानेंच सांगून ठेवलें आहे. पण लागलीच तो असेंही म्हणतो कीं, नुसतें नांवरूप जाणून भागत नाहीं. त्यांचा योग, म्हणजे कोणास, केव्हां, किती व कशाबरोबर द्यावयाचें हें जो जाणतो, तोच खरा जाणता. विचार सूक्ष्म आहे. परंतु त्यांतच एक भिंतही उभी राहिली: ओळख रानाची, योग वैद्याचा. ही भिंत आपल्या सर्व लेखनांतून आजतागायत उभी आहे, आणि ती चुकीच्या जागीं आहे हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

इंग्रजी अमदानींत नोंदींचें नवें युग सुरू झालें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत बाहेर पडला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तो पाया मानला जातो. पण तो सपुष्प वनस्पतींचा. नेच्यांस त्यांत जागा नव्हती. ती उणीव मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील जेझुइट पंडित एथेलबर्ट ब्लॅटर व त्यांचे सहकारी डि’आल्मेडा यांनीं १९२२ सालीं ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हें पुस्तक लिहून भरून काढली. त्यांची तपशिलाची शिस्त पाहिली म्हणजे आदर वाटतो. नेचा कोठें मिळाला, पान किती वेळां विभागलें आहे, बीजाणूंचे ठिपके कडेस आहेत कीं मध्यें, हें सारें त्या पद्धतींत येतें. त्याआधीं डायमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथानें (१८९० ते १८९३) मुंबईच्या बाजारांत औषधी म्हणून जें जें विकलें जाई त्याची देशी नांवांसह नोंद घेतली होती. म्हणजे बाजाराची बाजू डायमॉकनें पाहिली व पानाची ब्लॅटरनें. पण ज्या वाटेनें पान रानांतून बाजारांत आलें ती वाट कोणीच चालून पाहिली नाहीं.

ती वाट चालण्यासाठींच एक नवें शास्त्र निघालें. १८९५ सालीं अमेरिकेंत हार्शबर्गर यांनीं त्याचें बारसें केलें. मराठींत आपण त्यास लोकवनस्पतिशास्त्र म्हणूं. आपल्या देशांत जानकी अम्मल व सुधांशुकुमार जैन यांनीं त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८२ सालीं केंद्र सरकारनें आदिवासींच्या जैवविद्येचा अखिल भारतीय प्रकल्प हातीं घेतला आणि त्यांतून आदिवासी वापरीत असलेल्या नऊ हजारांहून अधिक वन्य वनस्पती नोंदल्या गेल्या. हें काम लहान नव्हे. डोंगर चढून, भाषा नसतां भाषा समजून घेऊन तरुण संशोधकांनीं तें केलें. त्यांच्या श्रमांविषयीं अनादर आमच्या मनांत मुळींच नाहीं.

परंतु या श्रमांचें फळ ज्या पात्रांत वाढलें जातें तें पात्रच आम्हांस गळकें वाटतें. तें पात्र म्हणजे कोष्टक. पहिल्या रकान्यांत लॅटिन नांव, दुसऱ्यांत स्थानिक नांव, तिसऱ्यांत उपयोगी भाग, चवथ्यांत रोग. बाशिंगापुरतें पाहिलें तर: ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया, बाशिंग, कंद, अस्थिभंग. चार शब्दांत संपलें. आतां हा कंद कोणत्या महिन्यांत काढावयाचा? ओला कीं वाळलेला? वाटून लावावयाचा कीं उकळून पाजावयाचा, आणि किती दिवस? गर्भिणीस चालतो काय? कंद काढतांना पुढच्या वर्षासाठीं मागें किती ठेवावयाचा? आणि ज्यास हें सारें ठाऊक आहे त्यानें “येथें माझें औषध चालणार नाहीं, दवाखान्यांत न्या” असें केव्हां म्हणावयाचें? या प्रश्नांस कोष्टकांत रकानाच नाहीं. चरकानें ज्यास योग म्हटलें तो नेमका गळून जातो आणि नांवरूप तेवढें उरतें. मग वाचक म्हणतो, “पाहा, आदिवासींस नांवरूपच ठाऊक असतें!” चाळणींतून पीठ पाडावयाचें आणि मग जात्यास पीठ येत नाहीं म्हणावयाचें, अशांतला हा प्रकार आहे.

योग गळला म्हणजे काय होतें याचें एक भयंकर उदाहरण नेच्यांच्याच इतिहासांत आहे. आपल्याकडे ओलसर शेतांत व तळ्यांच्या कांठीं चार पाकळ्यांसारख्या पानांचा एक पाणनेचा उगवतो. चरकानें शाकवर्गांत सांगितलेला सुनिषण्णक तो हाच, असें बहुतेक विद्वान मानतात. बंगालमध्यें शुशनी शाक म्हणून त्याची भाजी आजही खातात आणि तिनें झोंप चांगली लागते असें म्हणतात. याच जातीचा एक भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशांत आहे. त्यास तेथें नार्दू म्हणतात. तेथील यांद्रुवांदा लोक त्याच्या बीजाणुकोशांची पूड करून भाकरी करीत. १८६१ सालीं बर्क व विल्स हे गोरे प्रवासी खंड ओलांडून परततांना कूपर नदीच्या कांठीं अन्नावांचून अडकले. यांद्रुवांदांनीं त्यांस नार्दू दिला. प्रवाशांनीं वनस्पति ओळखून घेतली, स्वतः गोळा केली, स्वतः दळली आणि पोटभर खाल्ली. तरी दिवसेंदिवस त्यांचें बळ सरत गेलें. विल्सनें तें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें आहे. दोघेही तेथेंच वारले. त्यांचा सोबती किंग हा यांद्रुवांदांच्या वस्तींत जाऊन त्यांच्या हातचें खात राहिला. तो मात्र वांचला. नार्दूंत जीवनसत्त्व ‘ब-१’ नष्ट करणारें द्रव्य असतें, आणि तेथील लोकांच्या भाजण्याच्या व पाण्याबरोबर दळण्याच्या रीतीनें त्याची बाधा कमी होत असावी, असें अनुमान पुढें शास्त्रज्ञांनीं काढलें. बर्क-विल्सांच्या हातांत कोष्टकाचे चारही रकाने होते: नांव, ठिकाण, भाग, उपयोग. नव्हती ती फक्त कृति.

उलट बाजूचें उदाहरण न्यूझीलंडच्या माओरींचें. ज्या रानटी नेच्याच्या कच्च्या पाल्यानें गुरें आजारी पडतात, त्याच्याच जातीच्या कंदमुळावर माओरींनीं पिढ्या काढल्या. तें मूळ ते खणून वाळवीत, निखाऱ्यावर भाजीत, दगडावर ठेवून लांकडी मुसळीनें ठेंचीत, आणि पिठूळ भाग चघळून तंतू थुंकून देत. येथें वनस्पति ही केवळ कच्चा माल आहे. विद्या आहे ती भाजण्यांत, ठेंचण्यांत आणि थुंकण्यांत. उपयोग झाडांत नसतो, हातांत असतो.

आतां बाशिंगाकडे परत येऊं. तमिळनाडूंतील कोल्ली डोंगरावर याच बाशिंगाचा लोंकरीसारख्या खवल्यांनीं मढलेला कंद विकावयास असतो. त्याचें कढण सांधेदुखीवर घेतात. चीनमध्यें याच्या सख्ख्या भावंडाच्या कंदास जें औषधी नांव आहे त्याचा अर्थच मुळीं ‘मोडलेलें हाड सांधणारें’ असा आहे, आणि त्यांतील नारिंजिन या द्रव्याचा हाडांच्या पेशींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास आजच्या प्रयोगशाळांतून चालू आहे. आपल्या देशांतही अनेक ठिकाणीं हाड मोडल्यावर हाच कंद सांगतात. इतक्या दूरदूरच्या लोकांस एकाच झाडाविषयीं एकच गोष्ट सुचावी, हें विचार करण्यासारखें आहे. त्यांत अनुभवाचा साक्षात्कार असेल. किंवा खोडाला घट्ट आवळून धरणाऱ्या या कंदाचें रूप पाहून सर्वांस एकच उपमा सुचली असेल. यांतलें खरें कोणतें हें ठरवावयाचें तर प्रत्येक ठिकाणची कृति, मात्रा व अनुभव शब्दशः लिहिलेला हवा. “कंद, अस्थिभंग” एवढ्यावरून त्याचा निर्णय कोण कसा करणार?

येथें एका आक्षेपास उत्तर देणें अवश्य आहे. आदिवासींची विद्या म्हणतांच तिची आरती ओंवाळणाऱ्यांचा एक वर्ग अलीकडे निघाला आहे. जें जें रानांतलें तें तें निर्दोष अशी त्याची श्रद्धा. आम्ही त्या पंक्तींत बसत नाहीं. माओरी ज्याचें मूळ खात त्या नेच्यांत कर्करोगास कारण होणारें द्रव्य आहे, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें आहे. युरोपांत जंतांवर जो ‘नर-नेचा’ शतकानुशतकें दिला जाई त्याची मात्रा चुकली तर दृष्टि जात असे. त्याचा गुप्त योग नूफेर नांवाच्या एका विधवेपाशीं होता. फ्रान्सच्या सोळाव्या लुईनें १७७५ सालीं अठरा हजार लिव्र मोजून तो विकत घेतला व प्रसिद्ध केला. राजानें पैसे मोजले म्हणून त्या बाईचें नांव इतिहासांत राहिलें, हा भाग निराळा. मुद्दा असा कीं, रानांतल्या विद्येची परीक्षा झालीच पाहिजे. ती न करणें हा त्या विद्येचा मान नव्हे, तिच्याविषयींची बेफिकिरी होय. परंतु परीक्षा घ्यावयाची तर प्रश्नपत्रिका तरी पुरी हवी. अर्धवट नोंदीवरून प्रयोग करून “गुण आढळला नाहीं” असा निकाल देणें हें बर्क-विल्सांच्या जेवणाइतकेंच अर्धवट आहे.

“मग लिहूंच नये काय?” असें कोणी विचारील. लिहावें, नव्हे, लिहिलेंच पाहिजे. १९९५ सालीं अमेरिकेंत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर एकस्व दिलें गेलें. आपल्या आजीबाईंची ती रोजची गोष्ट! वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली व १९९७ सालीं तें रद्द झालें. त्या लढ्याचे अग्रणी डॉ. रघुनाथ माशेलकर हे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतून पुढें आलेले. पण तो लढा जिंकला कशाच्या बळावर? आजीबाईंच्या साक्षीवर नव्हे, छापील वचनांवर. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यापुढें परदेशांतील नुसता तोंडचा व्यवहार पुरावा म्हणून उभा राहत नसे. पुढें २००१ सालीं आपल्या सरकारनें पारंपरिक ज्ञानाचें जें अंकीय ग्रंथालय आरंभिलें त्याचाही पाया आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे लिखित ग्रंथ हाच. हळदीस ग्रंथ होता. वांदरबाशिंगाच्या मागें कोण उभा राहील?

लिहिल्यानें विद्या राखतां येते, तशी ती उघड्यावरही पडते. केरळांतील अगस्त्य डोंगरांतल्या काणी लोकांची गोष्ट या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वर सांगितलेल्या अखिल भारतीय प्रकल्पाचे शास्त्रज्ञ १९८७ सालीं तेथें गेले असतां वाटाड्ये काणी थकवा घालविण्यासाठीं एक रानफळ खात होते. तो नेचा नव्हे, निराळीच वनस्पति. तीवरून ‘जीवनी’ नांवाचें औषध झालें, १९९५ सालीं तें बनविण्याचा परवाना एका कंपनीस दिला गेला, आणि परवान्याचें शुल्क व स्वामित्वधन यांचा निम्मा भाग काणींस द्यावा असें ठरलें. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तरी “सांगणाऱ्याचाही वांटा आहे” हें तत्त्व तिनें मान्य केलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर पारंपरिक ज्ञानावरील समूहाचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला. मग ज्याचा हक्क त्याचें नांवच नोंदींत नसावें, हें कसें? “एका स्थानिक वृद्धानें सांगितलें” असें लिहिणारा लेखक एखाद्या ग्रंथांतला उतारा घेतांना “एका पुस्तकांत म्हटलें आहे” असें कधीं लिहील काय? नांव छापावें कीं झांकावें हें सांगणाऱ्यानें ठरवावें. पण विचारण्याचें सौजन्य लेखकाचें.

चांगली नोंद कशी असते याचे नमुने नाहींत असें नाहीं. बर्किल यांनीं १९३५ सालीं मलायाच्या उपयुक्त द्रव्यांचा जो दोन खंडांचा कोश प्रसिद्ध केला, तो आजही वाचनीय वाटतो. कारण त्यांत वस्तूबरोबर कृति, समजुती आणि माणसांचा व्यवहारही येतो. मलायांत रेसम म्हणून एक नेचा उघड्या टेंकड्यांवर माजतो. त्याच्या देठाची तेथील लोक लेखणी करीत आणि तिनें अरबी वळणाचीं अक्षरें लिहीत. आपल्याकडे बोरूचें जें स्थान तेंच तेथें या नेच्याचें. ज्या रानवट पाल्याकडे आपण शोभेची वस्तु म्हणून पाहतों त्यानेंच एका समाजास लेखन दिलें, ही गोष्ट “उपयोगी भाग: देठ” या दोन शब्दांत कशी मावणार?

दुसरा नमुना घरचा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास केला. देवराईविषयीं लिहावयाचें म्हणजे झाडांबरोबर तिचा देव, त्याचा धाक, आणि काय तोडावयाचें नाहीं याचा नियमही लिहावा लागतो. उपयोग व निषेध हीं एकाच नाण्याचीं दोन अंगें आहेत, हें त्या लेखनानें सुशिक्षितांस शिकविलें. झाडांवर वाढणारे व ओल्या सावलींत जगणारे नेचे अशा जुन्या रायांतच टिकतात. म्हणून त्यांच्या उपयोगाची नोंद त्यांच्या राखणीच्या नोंदीवांचून पुरी होत नाहीं. याउलट घुर्ये यांच्या ‘द महादेव कोळीज’ (१९५७) या ग्रंथासारख्या समाजशास्त्रीय लेखनांत माणूस मध्यभागीं आहे. वनस्पतीचा ग्रंथ एका फळीवर, माणसाचा दुसऱ्या फळीवर. आणि वनस्पति हातांत घेतलेला माणूस दोन फळ्यांच्या मधल्या फटींत पडला आहे.

ललित वाङ्मयाकडून तो उचलला जावा अशी अपेक्षा कोणी करील. पण आपल्या कथा-कवितांतलें रान बहुधा पाहुण्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. दुर्गा भागवतांचें ‘ऋतुचक्र’ (१९५६) हा त्यास मोठा अपवाद. निसर्गाकडे महिन्यामहिन्यानें, धीर धरून कसें पाहावें हें त्या पुस्तकानें मराठी वाचकास शिकविलें. तरीही सामान्यतः आपली रसिकता फुलांच्या मागें धांवते, आणि नेच्यास तर फूलच नाहीं. रानभाज्यांच्या हौसेंतही हेंच दिसतें. टाकळा, कुर्डू, शेवळें, भारंगी यांचीं नांवें आतां शहरांतल्या घरांत पोंचलीं, तीं सारीं सपुष्प कुळांतलीं. ज्याला रंग नाहीं, गंध नाहीं, ज्याची चव सांगण्यास कोणी उरलें नाहीं, त्याच्याविषयीं लिहिण्यास लेखणीस अधिक ममता लागते.

अखेरीस आमच्या औद्योगिक पट्ट्याचीच एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथील संशोधकांनीं १९६० च्या सुमारास हॅमायसिन हें बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधून काढलें. ज्या सूक्ष्म जीवापासून तें मिळालें त्याचें नांव त्यांनीं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असें ठेवलें. डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या जीवामुळें आपलें पिंपरी हें नांव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत कायमचें बसलें, आणि याचा आम्हां पिंपरी-चिंचवडकरांस अभिमान वाटणें योग्यच आहे. शोध कोठें लागला, कोणी लावला, कोणत्या रीतीनें लावला, हें सारें तेथें लिहिलेलें आहे, कारण तो शोध ‘आपल्या’ माणसांनीं लावला. कोणाच्या तरी पणजीनें कोण्या पावसाळ्यांत हंसराजाचें पान तापलेल्या लेंकरासाठीं प्रथम वाटलें असेल. तिचें नांव आतां मिळणार नाहीं. पण जी आज तें पान वाटूं जाणते तिचें नांव, गांव, तिची कृति व तिची हरकत हीं मिळूं शकतात.

यासाठीं फार मोठी यंत्रणा नको. पुण्यांत आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आपल्या महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षीं भीमाशंकरास सहलीस जातात. आणि त्याच खोऱ्यांतले तरुण आज चाकणला नोकरीस असून सुटीस घरीं जात असतात. पहिल्यांनीं छापावें, दुसऱ्यांनीं झाड ओळखावें, पण लेखणी तिसऱ्यांच्या हातीं द्यावी. कारण प्रश्न कोणता विचारावयाचा हें त्यांसच कळेल. नोंद प्रथम मराठींत, शक्य तर सांगणाऱ्याच्याच बोलींत व्हावी; लॅटिन नांव मागून लावतां येतें, गेलेला शब्द मागून आणतां येत नाहीं. आणि छापलेली नोंद प्रथम ज्या घरांतून ती आली त्या घरीं वाचून दाखवावी. तेथें जर कोणी म्हणाली, “असं नव्हं, दादा, हे आधी वाळवायचं असतं,” तर तेवढी दुरुस्ती करून मगच ती पुस्तकांत जावी.